दीड महिन्याची बाळंतीण

आमच्या पडेगावच्या गल्लीत कुत्री व्याली की शिरा व्हायचा. तो कुणी ठरवायचं नाही की कुणी सांगायचं नाही. लाकडाच्या ढिगामागून पिल्लांची कुंईकुंई ऐकू आली की पोरी परात घेऊन निघायच्या आणि दारोदार एकच हाक द्यायच्या, ‘कुत्री बाळंत झाली, शिऱ्याला द्या.’ कुणी मूठभर रवा द्यायचं, कुणी गुळाचा खडा, कुणी पळीभर तेल. दारावर आलेल्या माणसाला ‘पुढं हो’ म्हणून हाकलणारी घरंसुद्धा या परातीला नाही म्हणत नसत. माझी आत्या म्हणायची, बाईच्या बाळंतपणाला माहेर असतं, सासर असतं, नाहीतर निदान सरकारी दवाखाना असतो. हिला गल्लीशिवाय कोण आहे? शिरा झाला की तो केळीच्या पानावर किंवा जुन्या थाळीत कुत्रीपुढं ठेवायचा आणि ती खाईपर्यंत पाठ करून उभं राहायचं, कारण बाळंतिणीच्या तोंडाकडं बघत बसू नये. हा नियम आत्या फार कडक पाळायची. आम्ही पोरी मात्र पाठ करून उभ्या राहायचो आणि मान वळवून बघायचो.

मी त्या गल्लीत शिकायला आले होते. वडील वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाल होते, कांद्याच्या आणि कापसाच्या हंगामात त्यांच्या पाठीला टेकायला वेळ नसायचा. आमच्या घराण्यात कॉलेजचा वर्ग आतून बघणारी मी पहिली. बारावीला बरे मार्क पडले तेव्हा आत्या एस.टी.नं वैजापूरला आली आणि वडिलांना म्हणाली, ‘दादा, पुष्पी मह्याकडं राहील. एक ताट जास्त नाय होत.’ तिच्या दोन पत्र्याच्या खोल्या होत्या. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, ट्रकवर असायचे, महिन्यातून चार दिवस घरी. बाकीचे दिवस घरात आत्या, तिची पंधरा वर्षांची मुलगी शीतल आणि मी. आत्या वाळूजच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांचे डबे करायची. पहाटे मला जाग यायची ती काटवटीत भाकरी थापल्याच्या आवाजानं. थप, थप, मग तव्यावर टाकल्याची चर्र, मग पुन्हा थप. बाहेर दौलताबादच्या रस्त्यानं ट्रक घरंगळत जायचे, शेजारच्या नसीमखालाच्या शेळ्या पत्र्याला शिंगं घासायच्या आणि या सगळ्यात मी अंथरुणात बसून वनस्पतींची लॅटिन नावं पाठ करायची. आत्याला वाटायचं मी मंत्र म्हणते. तिनं मला एकदाही मधे हाक मारून भाकरी उलटायला लावली नाही. त्या वेळी मला हे साधं वाटायचं. आज कळतं की चाळीस डब्यांच्या भाकऱ्या एकटीनं थापणाऱ्या बाईनं घरातले दोन मोकळे हात वहीसाठी सोडून देणं ही काय गोष्ट होती.

तर थंडीच्या सुरुवातीला राणी व्याली. राणी म्हणजे गल्लीची तांबडी कुत्री. पाच पिल्लं झाली, रीतसर शिरा झाला, महिन्याभरात तीन पिल्लं लोकांनी नेली. दोन उरली. एक काळी, तिचं नाव काळीच. दुसरा पांढऱ्या पोटाचा, आखूड पायांचा, आणि त्याचं नाव आत्यानं ठेवलं होतं तहसीलदार. कारण तो सकाळी उठला की गल्लीतल्या प्रत्येक घराची पाहणी करायचा आणि काहीतरी पोटात गेल्याशिवाय कुठल्याही उंबऱ्यावरून हलायचा नाही. खाला त्याला ‘तहसीलदार साब’ म्हणायची. ‘आव साब, बैठो,’ म्हणून ती त्याच्यापुढं बशी ठेवायची आणि आम्हाला सांगायची की मी या कुत्र्याला कध्धी काही देत नाही.

सातव्या आठवड्यात काळीनं उलटी केली. त्या उलटीत शेवयांसारखं काहीतरी वळवळत होतं. दुपारपर्यंत तहसीलदारही सुस्त झाला आणि दोघांना जुलाब लागले. गल्ली आमच्या दारात जमली आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. हे मला थोडं समजावून सांगितलं पाहिजे. मी बी.एस्सी.ला आहे म्हणजे नेमकी कशाला आहे, हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. सायन्स म्हणजे डॉक्टरी, असा सरळ हिशोब होता. मी पहिल्या दिवशी तो दुरुस्त केला नाही, दुसऱ्या दिवशीही केला नाही, आणि मग लोक मला ‘डॉक्टरीण’ म्हणायला लागल्यावर ते दुरुस्त करायला फार उशीर झाला होता. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. मी कमरेवर हात ठेवून उलटीकडं बघितलं. झूलॉजीच्या पुस्तकात जंताचं चित्र होतं ते मला आठवलं आणि मी जाहीर केलं, ‘जंत आहेत.’ निदान खरं होतं, म्हणून तर पुढचा घोटाळा झाला. कारण आमच्या वैजापूरच्या घरी जंतावर एकच औषध होतं, ते आम्हा भावंडांना नाक दाबून पाजलं जायचं. मी आत्याच्या फळीवरची एरंडेलाची बाटली काढली आणि दोन्ही पिल्लांना चमचा चमचा पाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांच्या खाली रक्त दिसलं. वास असा की खालाच्या शेळ्यांनीही तोंडं फिरवली. आत्यानं भाकऱ्यांची परात झाकली, हात पुसले आणि म्हणाली, ‘पुष्पे, तुझं शिक्षण ठेव बाजूला. चल.’ डब्याच्या मोठ्या पिशवीत जुनं लुगडं घालून पिल्लं ठेवली आणि आम्ही चौघी, आत्या, खाला, शीतल आणि मी, गुरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथले डॉक्टर उंच, कोरड्या आवाजाचे, बैलाच्या खुरात हात घालता घालता आमच्याशी बोलले. हात धुऊन त्यांनी पिल्लांच्या हिरड्या बघितल्या, पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तंबूसारखी उभीच राहिली. त्यांनी विचारलं, खायला काय दिलं? मी म्हणाले, फक्त दूधभात. डॉक्टर नुसते माझ्याकडं बघत राहिले. त्या बघण्यात काय होतं कोण जाणे, शीतल म्हणाली की घरी केलेला थोडा शिरा उरला होता तो. मग खाला पदर सावरत म्हणाली, ‘मैं थोडा पाये का शोरबा दी थी साब, कमजोर लगा करके.’ मग आत्या घसा साफ करून म्हणाली की काल्यात चुकून ठेच्याचा हात लागला असेल. मग कळलं की पलीकडच्या घरानं म्हशीचं दूध, कोपऱ्यावरच्या दुकानदारानं खारी आणि कुणीतरी वाढदिवसाचा केकसुद्धा दिला होता. आणि औषध? जायफळ उगाळून, सुंठ, डाळिंबाची साल. ‘आणि?’ डॉक्टरांनी विचारलं. तिघींनी माझ्याकडं बघितलं.

‘एरंडेल,’ मी म्हणाले.

‘जुलाब होणाऱ्याला एरंडेल. काय शिकतेस तू?’

‘बी.एस्सी. फर्स्ट इयर.’

‘विषय कुठला?’

‘बॉटनी.’

‘मग झाडांना देत जा,’ डॉक्टर म्हणाले.

आत्यानं मला हळूच विचारलं, बॉटनी म्हणजे काय. मी सांगितलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी इतके महिने तिच्या घरात दुसऱ्याच कुणाच्या नावानं राहत होते. ‘झाडं?’ ती म्हणाली. ‘आन मी सगळ्यांला सांगायले की पोरगी डॉक्टर व्हणार.’

डॉक्टरांनी मग नीट समजावलं आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे, कारण कुत्र्याच्या पिल्लासाठी चार बायकांना उभं करून समजावणारा सरकारी डॉक्टर तेव्हा शोधून सापडला नसता. ते म्हणाले, जंत आहेत, ते तू बरोबर ओळखलंस. पण घराला आग लागल्यावर तू उंदीर मारायला निघालीस. हा साथीचा रोग आहे, लहान पिल्लांच्या आतड्याला लागतो. त्याला मारणारं औषध नाही. पिल्लू रोगानं कमी आणि अंगातलं पाणी संपून जास्त मरतं. तोंडानं काही द्यायचं नाही, दूध तर नाहीच. शिरेतून सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, आणि ऊब. पाच दिवस काढले तर वाचेल. मी धीर करून विचारलं की एरंडेलानं झालं का? ‘एरंडेलानं झालं नाही,’ ते म्हणाले. मग हात पुसत म्हणाले, ‘पण एरंडेलानं मदतही केली नाही.’

त्यांनी फी घेतली नाही. पण त्यांच्याकडच्या सुया बैलाच्या आणि बाटल्या संपलेल्या. लहान बाळांना लावतात ती बारीक सुई, सलाईन, इंजेक्शनं, सगळं मेडिकलमधून आणायचं होतं, रोज दोन वेळा, पाच दिवस. शहरातल्या खाजगी कुत्र्यांच्या दवाखान्याचं तर नावही काढायची सोय नव्हती. पहिल्या दिवसाचं सामान आत्यानं पिठाच्या पैशातून आणलं. काळी त्याच संध्याकाळी गेली. तिला खालाच्या शेळ्यांच्या गोठ्यामागं पुरलं. शीतल रडली, मी रडले नाही, कारण मला वाटत होतं की रडायचा हक्क एरंडेल पाजणारीला नाही. तहसीलदार मात्र पिशवीत डोळे किलकिले करून पडला होता आणि त्याच्या पुढच्या पायात सुई होती. बाटली आत्याच्या कपड्याच्या दोरीच्या खिळ्याला लटकत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाचे पैसे संपले आणि युक्ती निघाली. ती शीतलची. आजही ती कबूल करत नाही, म्हणून लिहून ठेवते. ती म्हणाली, रस्त्यापलीकडं नवी बंगल्यांची कॉलनी झालीय, तिथले लोक आपल्या गल्लीतलं कुत्रं ओळखत नाहीत. तिथं परात घेऊन जायचं. ‘कुत्री बाळंत झाली, शिऱ्याला द्या.’ मी म्हणाले, हे खोटं आहे. शीतल म्हणाली, ‘खोटं कसं, ताई? व्यालीच ना राणी? कधी व्याली ते कुणी इचारतच नाय.’ मी इतके महिने न बोलता डॉक्टरीण होऊन राहिलेली मुलगी. मी परात पुसून घेतली.

कॉलनीतल्या बायका आमच्या गल्लीपेक्षा हात सैल सोडणाऱ्या निघाल्या. गल्लीत पळीभर तेल मिळायचं, इथं वाटीभर साजूक तूप. रवा पातेल्यानं, साखर पुड्यानं, आणि एका घरातून चक्क बेदाणे आणि काजूचे तुकडे. परात डोक्यावर घेऊन आम्ही रस्ता ओलांडला. शीतलचा बेत होता की आत्यानं शिरा करायचा आणि डब्याच्या पोरांना गोड म्हणून विकायचा. आत्या चुलीपुढं बसून बराच वेळ रव्याकडं बघत होती. ‘कुत्रीच्या नावाचं इकायचं?’ ती म्हणाली. तिला ते पचेना. मग तिनंच तोड काढली, आणि ती तोड मला अजून कुठल्या वकिलाकडून ऐकायला मिळालेली नाही. शिरा झाला की पहिलं ताट राणीपुढं. राणीनं खाल्लं की सगळा शिरा तिचा झाला. आता तिनं तिचा शिरा तिच्या लेकराच्या औषधासाठी इकला, तर त्यात आपण कोण बोलणारे?

तसंच झालं. राणीनं बेदाण्याचा शिरा खाल्ला, आम्ही पाठ करून उभ्या राहिलो, आणि उरलेला चाळीस डब्यांत विकला गेला. डबे न्यायला येणाऱ्या पोरांतल्या एकानं विचारलं, आज गोड कशाचं? शीतल म्हणाली, बाळंतपणाचं. कुणाचं? राणीताईचं. पोरगा की पोरगी? शीतलनं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, पोरगा, पण तब्येत बरी नाय, सलाईन लावलंय. दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यात एक गुलाबी टोपडं आलं. बीडकडचा एक पोरगा होता, त्याच्या बहिणीचं नुकतंच बाळंतपण झालं होतं, त्यानं दोन विकत घेतली होती त्यातलं एक पाठवलं. आम्हाला हसावं की लाजावं कळेना. पण डॉक्टरांनी ऊब द्या म्हणून सांगितलं होतं. आम्ही टोपडं तहसीलदाराला घातलं. त्याच्या कानांना ते अगदी बरोबर बसलं.

दोन दिवस परात फिरली, दोन दिवस बाटल्या आल्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ त्याला दवाखान्यात नेत होते. डॉक्टर सुई बघायचे, इंजेक्शन द्यायचे, मी पाय धरायचे. उलटी थांबली होती पण मान उचलत नव्हता. मी त्याच्या हिरड्या दिवसातून वीस वेळा बघायचे. पांढऱ्या. पुन्हा पांढऱ्या. त्या दिवसांत मी एकही पान वाचलं नाही. त्यात एकच बरं वाटायचं, की आम्ही दमतोय तोवर तो आहे.

चौथ्या दिवशी सकाळी कॉलनीतल्या बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सगळे त्यांना बाई म्हणत. हातात छत्री आणि दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेला गरम डबा. आदल्या दिवशी आम्हाला कोरडा रवा दिल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं. बाळंतिणीला मीच शिरा करून माझ्या हातानं घालीन, असं म्हणून त्या पत्ता विचारत विचारत आमच्या दारात उभ्या राहिल्या. नसीमखालानं शेळ्या सोडून धावत येऊन वाट अडवली. ‘अब्बी सोरई हय बाई, शाम कू आव,’ ती म्हणाली. बाई म्हणाल्या, मी थांबते. शीतलनं डोळ्यानं मला खुणावलं आणि राणीला गोणपाटाखाली घालून तिच्या पोटाशी खालाच्या घरातला लोकरीचा गुंडा ठेवला. त्या दोन दिवसांत राणी शिऱ्यावर एवढी सुटली होती की बाळंतीण दिसायला तिला काही अडचण नव्हती. अडचण एवढीच होती की बाईंनी आयुष्यभर घरात कुत्री पाळली होती. त्यांनी छत्री भिंतीला टेकवली, गोणपाट उचललं, लोकरीच्या गुंड्याकडं बघितलं, मग राणीचा मागचा पाय हलकेच उचलून बघितलं.

‘हिचं दूध आटलंय,’ त्या म्हणाल्या. ‘ही दीड महिन्याची बाळंतीण आहे.’

मग आत्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, ‘व्हय बाई. आत या.’ बाई आत आल्या. दोरीच्या खिळ्याला बाटली, खाली पिशवी, पिशवीत गुलाबी टोपडं घातलेलं पिल्लू. बाईंनी वाकून त्याच्या हिरड्या बघितल्या. मग सरळ होऊन त्यांनी मला विचारलं, मुख्याध्यापिका विचारते तसं, ‘तू कॉलेजात जातेस ना?’

‘हो बाई.’

‘मग पैसे औषधाला पाहिजेत, असं का नाही सांगितलंस?’

मी खाली बघत म्हणाले, ‘औषधाला कुणी दिले नसते, बाई. शिऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.’

बाईंनी डबा उघडला, शिरा राणीपुढं ठेवला आणि न सांगता पाठ करून उभ्या राहिल्या. मग भिंतीकडं तोंड करूनच म्हणाल्या, ‘मीही दिले नसते.’

त्यांनी आम्हाला पैसे दिले नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी शिक्षा दिली. ज्या ज्या घरातून रवा आणला त्या त्या घरी जाऊन खरं सांगायचं, आजच. आणि त्या स्वतः छत्री घेऊन आमच्या मागून आल्या, प्रत्येक फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. शीतल पहिल्या घरी नुसतीच हसली, म्हणून सांगायचं काम माझ्याकडं आलं. वैजापूरच्या शाळेत मी भाषण टाळायची, त्या दिवशी तेच तेच भाषण चौदा घरी केलं. एका घरच्या काकूंनी दार लावून घेतलं. एका आजोबांनी वाटीभर तूप परत मागितलं. आत्यानं त्यांना संध्याकाळी वाटीभर शिरा पाठवला आणि ते गप्प झाले. बाकीच्या घरी मात्र बातमी आमच्या आधीच पोचली होती, त्यांनी मला बोलूच दिलं नाही. पिल्लू कसंय? टोपडं खरंच घातलंय का? एकीनं जुनी गोधडी दिली, एकीनं शेकायची रबरी पिशवी. बेदाणेवाल्या बाई म्हणाल्या की आमच्याकडं तिघांना साखर आहे, शिरा होतच नाही, निदान कुणीतरी खाल्ला. आणि पुढच्या औषधाच्या बाटल्या छत्रीवाल्या बाईंनी मेडिकलमधून आपल्या नावावर आणवल्या. हे आम्हाला मेडिकलवाल्याकडून पुढं कळलं.

मधे थांबून सांगते. परवा शीतल आणि तिच्या मुलीबरोबर मी एका दवाखान्यात गेले होते. मुलीनं पिल्लू आणलंय, कसलंसं केसाळ. आता शहराचं नावही बदललं, दवाखान्याला काचेची दारं आहेत, पिल्लाच्या नावानं हाक मारतात आणि त्याचं लशींचं पुस्तक असतं. जंताचं औषध त्याच्या वजनावर मोजून दिलं, आणि त्या रोगाची लस टोचली. लस एका क्षणात टोचली. बिल बघून मला घाम फुटला, पण मी गुपचूप अर्धं भरलं. शीतलच्या मुलीनं विचारलं, मावशी, तू का? मी म्हणाले, असंच. तिच्या आईनं मान फिरवून घेतली.

तर पाचवा दिवस. सकाळी हिरड्या किंचित गुलाबी वाटल्या. मला वाटलं टोपड्याचा रंग पडलाय, म्हणून टोपडं काढून पुन्हा बघितलं. मग पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सुई बदलायची म्हणून चिकटपट्टी ओढली, मी नेहमीसारखा पाय धरला, आणि पाच दिवस चिंधीसारख्या पडलेल्या त्या जनावरानं मान वळवून माझ्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले. नुसते लावले नाहीत, रोवले. आणि वर गुरगुरला. सुईसारखे दात, रक्ताचे दोन थेंब आले. मी ओरडले असेन, पण मला आठवतंय ते एवढंच की मी हात झटकला नाही. सोडवला तर त्याचा जोर किती आहे ते कळलं नसतं.

डॉक्टर पहिल्यांदा हसताना दिसले. त्यांनी त्याचा जबडा अलगद उघडून माझा हात सोडवला आणि म्हणाले, ‘याचं काम झालं. भाताचं पाणी सुरू करा, चमच्यानं. आता तुझं बघू.’ त्यांनी नळाखाली माझा हात साबणानं इतका वेळ धुवायला लावला की कातडी पांढरी झाली. मग चिठ्ठी लिहून दिली आणि सांगितलं, माणसांच्या सरकारी दवाखान्यात जा. लहान असलं तरी गल्लीतलं कुत्रं, लस नाही, चावा म्हणजे चावा.

तेव्हा कुत्रं चावल्यावरची चौदा इंजेक्शनं पोटात द्यायचे, बेंबीभोवती. तिथल्या सिस्टर जाड चष्म्याच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी नियम सांगितला: रोज यायचं, आणि येताना कुत्र्याची खबर आणायची. दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं तर पुढची सुई बंद. मेलं किंवा पळून गेलं तर चौदाही पूर्ण. मी घरी येऊन हे सांगितलं आणि आमच्या गल्लीत जे झालं ते मी पुन्हा कुठं बघितलं नाही. आजवर त्या पिल्लाची काळजी होती, आता माझ्या पोटाची झाली. आत्यानं जाहीर केलं की तहसीलदाराला तिच्या हातचं भाताचं पाणी सोडून कुणी काही दाखवलं तरी पाय मोडीन. खालानं त्याला शेळीच्या दोरीनं आपल्या खाटेला बांधून टाकलं आणि दिवसभर त्याच्याशी बोलत बसली. ‘साब, तुम मरे तो पोट्टी के पेट में सुई जाती,’ असं ती त्याला समजावायची. डब्याची पोरं रोज विचारायची, राणीताईच्या पोराची तब्येत कशीय. बाई छत्री घेऊन दिवसाआड येऊन त्याच्या हिरड्या बघून जायच्या. तहसीलदाराला पहिल्या दिवशी चमचाभर पाणी पचलं, चौथ्या दिवशी मऊ भात, आणि सहाव्या दिवशी त्यानं खालाची दोरी चावून तोडली. गल्लीभर ओरड झाली. तो कोपऱ्यावरच्या दुकानापुढं खारीच्या बरणीकडं बघत बसलेला सापडला.

मी रोज सकाळी कॉलेजच्या आधी त्या दवाखान्यात रांगेत उभी राहायचे. माझी पाळी आली की सिस्टर कागदावरून नजर न उचलता विचारायच्या, ‘कुत्रं आहे का?’ आणि मी म्हणायचे, ‘आहे.’ पोटात सुई जायची, डोळ्यांत पाणी यायचं, पण तो एक शब्द म्हणताना मला काय वाटायचं ते कसं सांगू. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा, पुढं नोकरीचं पत्र हातात पडलं तेव्हाही मी कुणाला काहीतरी ठणकावून सांगितलं असेल, पण त्या रांगेतल्यासारखं नाही. रांगेतले बाकीचे लोक आपापल्या चाव्यांच्या गोष्टी सांगत बसायचे, कुणाचं कुत्रं पळालेलं, कुणाचं मेलेलं. माझं रोज असायचं.

दहाव्या दिवशी आत्या म्हणाली, ‘आज तोंडी नगं सांगू.’ मी डब्याची पिशवी घेतली. रांगेत तो शहाण्यासारखा बसला होता, फक्त टोपडं घातलेलं डोकं बाहेर. माझी पाळी आली. सिस्टरांनी नजर न उचलता विचारलं, ‘कुत्रं आहे का?’ मी पिशवी टेबलावर ठेवली. तहसीलदार बाहेर आला, कागदावरून चालत गेला, शाईच्या दौतीचा वास घेतला, सिस्टरांच्या वहीची नीट पाहणी केली आणि मग त्या वहीवर शांतपणे, बराच वेळ, धार सोडली. सिस्टरांनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला, त्याच्याकडं बघितलं.

‘आहे,’ त्या म्हणाल्या, आणि ओल्या पानावर माझ्या नावापुढं रेघ मारली.